१९४७ची फोर्ड आणि पुढच्या ॲक्सलची बदली

माझी गाडी १९४७ची फोर्ड आहे. दोन दारं, २३९ घनइंची फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन, पुढे एकसंध ॲक्सल आणि त्याला जोडलेला एकच आडवा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). हा आडवा पाटा हेन्री फोर्डने १९०८च्या मॉडेल टीपासून धरला तो १९४८च्या गाड्यांपर्यंत सोडला नाही. शेवर्लेने १९३४मध्येच पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली होती, फोर्डच्या गिऱ्हाइकाला मात्र त्यासाठी १९४९च्या मॉडेलची वाट बघावी लागली. म्हणजे माझी गाडी जुन्या पद्धतीच्या अगदी शेवटाकडची.

एकसंध ॲक्सल टाकाऊ असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. किंग पिन, बुश, शॅकल असे झिजणारे सांधे नवे घातले, स्टिअरिंग बॉक्समधला प्ले काढला आणि चाकं नीट बॅलन्स केली की ही गाडी सरळ रस्त्यावर चांगली धावते. हे सगळं मी आधी करून बघितलं होतं. तरीही एक चाक खड्ड्यात गेलं की त्याच्याबरोबर दुसरंही कलायचं आणि स्टिअरिंगला हिसका बसायचा. वेगात गाडी रस्त्यावर डोलत राहायची, तिला सांभाळता सांभाळता खांदे भरून यायचे. त्यात चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. मला ही गाडी लांबच्या प्रवासाला न्यायची होती, दोरीआड उभी करायची नव्हती. शिवाय तिचं मूळपण आधीच्या मालकांनीच बरंचसं संपवलेलं होतं. गाडी पहिल्यापासून जशीच्या तशी राहिलेली असती तर मी ग्राइंडर उचलला नसता, आणि तशा गाडीवर कुणीच उचलू नये या मताचा मी आहे.

जुन्या चेसीला नवं पुढचं सस्पेन्शन म्हटलं की पहिलं नाव निघतं ते मस्टँग टूचं. ही छोटी मस्टँग १९७४ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत निघाली आणि तिचा पुढचा भाग फोर्डच्याच पिंटो या छोट्या गाडीवरून घेतलेला होता. गाडी म्हणून तिचं कौतुक करणारे थोडेच, पण तिचं पुढचं सस्पेन्शन जुन्या गाड्यावाल्यांनी डोक्यावर घेतलं. त्याला कारण आहे. सगळी यंत्रणा एका आटोपशीर क्रॉसमेंबरवर, म्हणजे चेसीच्या आडव्या तुळईवर, बसते. चाकाला धरणारा वर आखूड आर्म, खाली लांब आर्म, खालच्या आर्मवर स्प्रिंग आणि चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे रॅक अँड पिनियन (स्टिअरिंगची दातेरी पट्टी आणि चक्र). रुंदीही जुन्या गाड्यांना चालणारी, साधारण ५६.५ इंच. माझ्या मूळ ॲक्सलची ५८च्या आसपास होती, त्यामुळे चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावण्याचा प्रश्न नव्हता. आता मूळ मस्टँग टूचे भाग शोधत कुणी बसत नाही. त्या आराखड्यावर नव्याने बनवलेली किट मिळतात, मीही तसंच घेतलं.

किट निवडताना एका गोष्टीवर मी बराच अडून बसलो. मूळ मस्टँग टूमध्ये खालचा आर्म क्रॉसमेंबरला एकाच ठिकाणी जोडलेला असतो आणि त्याला मागेपुढे हलू न देण्याचं काम एक तिरका स्ट्रट रॉड करतो. तो रॉड मागे जाऊन चेसीला धरतो. ब्रेक दाबला की सगळा ओढा त्या रॉडवर येतो, म्हणून तो जिथे धरतो ती जागा भक्कम लागते. काही किटमध्ये हा रॉड काढून टाकलेला असतो. तो काढताना खालच्या आर्मला दोन लांब-लांब पाय दिलेले असतील आणि क्रॉसमेंबरही तेवढाच रुंद केलेला असेल, तर ठीक. नुसता रॉड गाळून त्या अरुंद बिजागरीला एक पट्टी जोडलेली असेल, तर ते किट मी फुकट मिळालं तरी घेणार नाही. मी रुंद पायांचा आर्म घेतला.

किट हातात आलं की त्यातली चकचकीत वस्तू चेसीखाली धरून बघायचा मोह होतो. हे काम मात्र उलट्या टोकाकडून सुरू करावं लागतं: जमिनीकडून वर. आधी टायर ठरतो, टायरवरून चाकाचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर येणार ते ठरतं, मग गाडी किती खाली आणि किती पुढे झुकलेली उभी राहणार ते ठरतं, आणि या सगळ्यानंतर क्रॉसमेंबर रेलवर, म्हणजे चेसीच्या लांब बाजूच्या तुळईवर, नेमका कुठे बसणार ते कळतं. किटबरोबर आलेल्या कागदावर सगळी मापं असतात, पण तो कागद तुमची गाडी कशी उभी राहणार आहे हे गृहीत धरून लिहिलेला असतो.

मी २०५/७५ आर १५ मापाचा टायर धरला. त्याचा व्यास २७ इंचांच्या जवळपास येतो. वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून चाकाचा मध्य जमिनीपासून १३ इंचांवर धरला. मग पुढची मडगार्डं, बॉनेट, ग्रिल सगळं जागेवर असतानाच गाडी घोड्यांवर घेतली आणि डोळ्यांना बरी दिसेल अशा उंचीवर आणली. मागून किंचित उंच, पुढे जराशी झुकलेली. या स्थितीत रेलवर कोनमापक ठेवून झुकाव लिहून घेतला. चाकाचा मध्य मडगार्डच्या कमानीत कुठे दिसतो तेही बघितलं. जुन्या पाट्याची शॅकल झिजलेली असतात, ॲक्सल सरकलेला असतो, त्यामुळे ‘आत्ता चाक जिथे आहे तिथेच मध्यरेषा’ एवढ्यावर विसंबता येत नाही. या गाडीचा व्हीलबेस ११४ इंच. मागच्या ॲक्सलपासून तो मोजला आणि कमानीच्या मध्याशी ताडून पाहिला. दोन्हींतला फरक थोडाच निघाला. मी कमानीच्या बाजूने झुकतं माप दिलं, कारण चाक कमानीत मागे पडलेलं दिसलं तर ती गाडी आयुष्यभर डोळ्यांत खुपते.

मग पत्रा उतरवला, इंजिन काढलं, आणि उघड्या चेसीखाली फरशीवर सगळी भूमिती उतरवली. गवंड्याकडचा ओळंबा या कामात जितका उपयोगी पडला तितकं दुसरं कुठलंच हत्यार पडलं नसेल. चेसीवरच्या कारखान्यातल्या भोकांमधून ओळंबा सोडायचा, फरशीवर खूण करायची, खुणा दोरीने जोडायच्या. गाडीची उभी मध्यरेषा, मागच्या ॲक्सलची रेषा, पुढच्या चाकांची नवी मध्यरेषा. मग कोपऱ्या-कोपऱ्यांतून तिरकी मापं. दोन्ही कर्ण जुळले तर चेसी काटकोनात आहे, वाकलेली नाही. माझे पहिल्या मापात जुळले नाहीत. पुढचं डावं टोक कधीतरी कशावर तरी आपटलेलं होतं आणि थोडं आत वळलेलं होतं. ते सरळ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थच नव्हता, कारण वाकड्या रेलवर अचूक बसवलेला क्रॉसमेंबरही वाकडाच.

मध्यरेषेची खूण खडूने करू नये. ग्राइंडरच्या धुळीत ती पुसली जाते. रेलच्या वरच्या आणि बाहेरच्या अंगावर पंच मारून मी ठिपके पाडले आणि शेजारच्या न कापल्या जाणाऱ्या भोकापासून त्यांचं अंतर भिंतीवर लिहून ठेवलं.

आता कापाकापी. १९३५नंतरच्या या फोर्डमध्ये आडवा पाटा ॲक्सलच्या पुढे असतो, आणि नव्या रचनेत रॅकही चाकांच्या मध्यरेषेच्या पुढेच बसतो. म्हणजे दोघांना एकच जागा हवी. जुना पुढचा क्रॉसमेंबर त्यामुळे जाणार हे नक्की. पण तो निघाला की दोन्ही रेल्सची टोकं मोकळी होतात, म्हणून त्याला हात लावण्याआधी चौकोनी पाइपचे आडवे तुकडे रेल्सना टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडून घेतले. रिव्हेटची डोकी घासली, पंचने खाली पाडली, क्रॉसमेंबर हातोडीने हलवत हलवत बाहेर काढला. गॅसकटरने तो लवकर निघतो, पण रेलचा कडाही खातो. ग्राइंडर आणि सबुरी, दोन्ही लागतात.

या गाडीत तो क्रॉसमेंबर काढणं म्हणजे आणखीही बरंच काही काढणं असतं. फ्लॅटहेडचे पुढचे इंजिन माउंट त्याच्या दोन वॉटर पंपांच्या अंगातच असतात आणि ते पुढच्या क्रॉसमेंबरवर टेकतात. रेडिएटरही तिथेच उभा. म्हणजे सस्पेन्शन बदलायला निघालेल्या माणसाला इंजिन आणि रेडिएटर यांच्या बैठकी नव्याने बांधाव्या लागतात. मी इंजिन आणि गिअरबॉक्स काढण्याआधी त्यांच्या जागेची मापं फायरवॉलपासून घेऊन ठेवली होती, ती इथे कामी आली.

चेसी मजबूत करण्याविषयी बरंच बोललं जातं, पण का ते क्वचितच सांगितलं जातं. जुन्या रचनेत पाटा मध्यावर पकडलेला असतो, त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन क्रॉसमेंबरच्या मधोमध पाट्यात उतरतं आणि पाट्यातून ॲक्सलच्या दोन टोकांना जातं. ब्रेकचा ओढा विशबोनमधून, म्हणजे ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या व्ही आकाराच्या दांड्यातून, मागे गिअरबॉक्सखाली पोचतो. रेल्सच्या पुढच्या टोकांना पिळून निघायची वेळ त्यात फारशी येत नाही. नव्या रचनेत स्प्रिंगचा भार रेलच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या टॉवरमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या बैठकीत, चढतो, म्हणजे चाक वर आलं की रेल स्वतःभोवती पिळली जाते. ब्रेकचा ओढाही आता विशबोनऐवजी आर्ममधून इथेच येतो. उघड्या तोंडाच्या रेलला पीळ सोसत नाही. पुठ्ठ्याची नळी हातात धरून पिळा आणि मग तीच उभी चिरून पुन्हा पिळा, म्हणजे फरक बोटांना कळेल. म्हणून फायरवॉलपासून पुढे जिथे जिथे रेलचं आतलं तोंड उघडं होतं तिथे ३/१६ इंच जाडीची प्लेट लावून ते बंद केलं. याला बॉक्सिंग म्हणतात.

प्लेट कापायला आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. रेल पुढे निमुळती होत जाते आणि आतही वळते, त्यामुळे डावीकडचा नमुना उलटा करून उजवीकडे वापरता येईल ही आशा सोडून दिली. वेल्डिंग एका दमात कधीच करायचं नाही. इथे इंचभर, तिथे इंचभर, मग दुसऱ्या रेलवर, मग पुन्हा पहिल्यावर. एका जागी उष्णता साठली की रेल केळ्यासारखी वाकते असं सगळेच सांगतात, आणि माझा वेल्डर तर दर थोड्या वेळाने धातूला हात लावून बघायचा. हा माणूस वयाने मोठा, मी त्यांना काका म्हणतो. टॅक मी मारायचे आणि शेवटचं वेल्डिंग त्यांनी करायचं असं ठरलं होतं. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या जोडांवर हात साफ करून शिकू नये. घरच्या फाटकावर शिकावं.

क्रॉसमेंबर रेल्सच्या मध्ये घालून बघितला तेव्हा तो आत जाईना. या गाडीसाठीच बनवलेला असूनही कडा कानशीने घासाव्या लागल्या, कारण सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुठल्याच दोन चेसी सारख्या राहत नाहीत. त्याच्यावर मध्याची खूण होती, ती फरशीवरच्या मध्यरेषेवर ओळंब्याने आणली. आडवी पाणसळ ठेवली, ती जुळली. मग उभी ठेवली, म्हणजे पुढून मागे.

काका म्हणाले, “रेलशी समांतर बसव, सोपं जाईल.”

“काका, रेल पुढे झुकलेली आहे. गाडी उभी राहील तेव्हा हा जमिनीशी समांतर हवा.”

“मग रेलमध्ये तिरका दिसेल की.”

“दिसू द्या.”

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. चाकाचा स्टिअरिंग अक्ष वरच्या बाजूला किती मागे झुकलेला आहे याला कॅस्टर म्हणतात. गाडी सरळ राहते, स्टिअरिंग वळणातून आपोआप परत येतं, ते कॅस्टरमुळे. क्रॉसमेंबर रेलशी समांतर लावला आणि गाडी पुढे ३ अंश झुकलेली असली, तर जन्मतःच ३ अंश कॅस्टर गेला. मग अलाइनमेंटवाला वरचा आर्म शेवटपर्यंत मागे ओढतो, बोल्टची खाच संपते, आणि गाडी तरीही भरकटत राहते. पुष्कळ लोक अशा वेळी किटला नावं ठेवतात.

काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि स्वतःच पाणसळ हातात घेतली.

टॅक मारून झाल्यावर टॉवर बसवले. वरच्या आर्मचे बोल्ट इथे लांबट खाचांमध्ये असतात, त्या खाचांमध्ये पुढचा-मागचा बोल्ट सरकवून कॅम्बर (चाकाचं आत-बाहेर कलणं) आणि कॅस्टर दोन्ही साधतात. म्हणून मी खाचांच्या मध्यावर बोल्ट ठेवूनच टॉवरची जागा ठरवली, म्हणजे नंतर दोन्हीकडे सरकायला वाव राहील. या टप्प्यावर स्प्रिंग घालायची नसते. इंजिन नसलेल्या चेसीच्या वजनाने ती दबणारच नाही आणि सगळी मापं खोटी येतील. शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी ठरलेल्या उंचीच्या लांबीचा एक पाइप दोन्ही बाजूंना बोल्टने अडकवला. खालचा आर्म जमिनीशी समांतर झाला, डिस्कसकट हब जागेवर आला. मग दोन्ही हबच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंतची अंतरं आणि तिरके कर्ण पुन्हा मोजले. १/१६ इंचाच्या आत आल्याशिवाय काकांना यंत्र सुरू करू दिलं नाही. दोनदा टॅक तोडावे लागले, त्याचं काही वाटलं नाही. टॅक तोडण्यासाठीच असतात.

पूर्ण वेल्डिंगनंतर मला सर्वांत जास्त रस होता तो बंप स्टिअरमध्ये. चाक वर-खाली होताना स्टिअरिंग न हलवताही ते आत किंवा बाहेर वळायला लागलं, तर तो बंप स्टिअर. हा दोष असलेली गाडी प्रत्येक उंचवट्यावर स्वतःच्या मनाने दिशा बदलते. तो येतो टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरल्यामुळे. वरच्या आर्मची आतली बिजागरी आणि खालच्या आर्मची आतली बिजागरी जोडणारी एक रेषा मनात काढा. टाय रॉडचं आतलं टोक या रेषेवर किंवा अगदी तिच्याजवळ आलं पाहिजे, आणि टाय रॉडचा रोखही दोन्ही आर्मच्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूकडे पाहिजे. रॅकची लांबी आणि उंची दोन्ही त्यातूनच येतात. ऑइल पॅनला लागतो म्हणून रॅक इंचभर खाली घेणं, किंवा दुसऱ्या गाडीचा स्वस्तात मिळालेला रॅक बसवणं, ही कामं करणारे पुष्कळ आहेत. असाच कुणी चाकांच्या मध्यरेषेच्या मागे बसणारा रॅक तसाच पुढे लावतो आणि मग स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते. ते निदान जागच्या जागी कळतं. बंप स्टिअर मात्र आधी तपासला नाही तर रस्त्यावरच कळतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. हबवर एक सपाट प्लेट बोल्टने आवळायची, तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज टेकवायचा, पाइप काढायचा आणि जॅकने आर्म वर-खाली न्यायचा. रॅक मध्यावर घट्ट धरून ठेवायचा. दोन्ही काटे सारखेच सरकले तर चाक वळलेलं नाही. उजवी बाजू छान आली. डाव्या बाजूला आर्म जसजसा वर जाई तसतसा काट्यांमधला फरक वाढत होता. भूमिती दोन्हीकडे तीच, मग हे कुठून? बराच वेळ आर्मची मापं घेण्यात गेला. शेवटी रॅक सोडवला तेव्हा त्याच्या एका कानाखाली वेल्डिंगचा गोठलेला थेंब सापडला. रॅक तेवढ्यानेच तिरका बसला होता. थेंब कानशीने घासला आणि काटे जुळले. एवढ्याशा थेंबाने रॅकचं एक टोक उचललं जातं, यावरून ‘रॅक थोडा खाली घेतला तर काय होतंय’ या प्रश्नाचं उत्तर मिळावं.

स्टिअरिंग कॉलमने मला धातूकामाइतकंच झुंजवलं. जुन्या फोर्डमध्ये कॉलमचा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्सचा वर्म एकाच तुकड्यात असतात. बॉक्स काढून दांडा कापला की त्याला खालून आधार देणारं बेअरिंगच उरत नाही आणि स्टिअरिंग व्हील हातात लटपटतं. म्हणून कॉलमच्या खालच्या तोंडाला नवं बेअरिंग बसवलं. मस्टँग टूच्या साध्या रॅकच्या तोंडाला ९/१६ इंच मापाची, २६ दात्यांची स्प्लाइन येते. तिथपासून कॉलमपर्यंत सरळ रेषेत इंजिन आडवं येतं, त्यामुळे तीन युनिव्हर्सल जॉइंट लागले. दोन जॉइंट असले तर दांडा स्वतः उभा राहतो. तिसरा आला की मधला दांडा दोरीसारखा उडायला लागतो, म्हणून त्याला रेलवर ब्रॅकेट घेऊन रॉड-एंडचा आधार द्यावाच लागतो. प्रत्येक जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आत ठेवला आणि जॉइंटचे काटे एकमेकांच्या मेळात लावले. ते चुकले तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. सेट स्क्रू ज्या ठिकाणी दांड्याला टेकतो तिथे ड्रिलने छोटा खळगा पाडून, लॉकटाइट लावून, वर लॉक नट आवळला. या कामात घाई नको.

एक्झॉस्टचा निकाल आपोआप लागला. मूळ गाडीत डाव्या बाजूचा धूर इंजिनाच्या पुढून आडव्या पाइपने उजवीकडे नेलेला असतो. त्या पाइपच्या वाटेत आता क्रॉसमेंबर आणि रॅक. दोन्ही बाजूंना वेगळे पाइप काढले, आवाजही सुधारला.

ब्रेकबद्दल थोडक्यात. किटमध्ये पुढे ११ इंची डिस्क होत्या. मूळ मस्टँग टूच्या डिस्क ९.३ इंचांच्याच असतात, या गाडीला त्या कमी पडल्या असत्या. मागे मी ड्रम ठेवले. अशा जोडीला जुना एककप्पी मास्टर सिलिंडर चालत नाही, दोन कप्प्यांचा घ्यावा लागतो. फोर्डमध्ये तो पायाखाली, चेसीवर असतो, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली. त्यामुळे कॅलिपरमधलं ऑइल परत वाहून येऊ नये म्हणून पुढच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमसाठी १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारी झडप. मागच्या लाइनमध्ये तिथला दाब कमी करणारा, हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही घातला. कॅलिपरचे ब्लीड स्क्रू वरच्या बाजूला आहेत ना, एवढं बघून घ्या. डावा-उजवा अदलाबदल झाला तर ते खाली येतात, आणि मग कितीही ब्लीडिंग केलं तरी पेडल मऊच लागतं.

चाकांचा मात्र घोळ आहे, आणि तो आधी सांगत नाहीत. जुन्या फोर्डला पाच बोल्ट ५.५ इंचांच्या वर्तुळावर, नव्या हबला पाच बोल्ट ४.५ इंचांच्या वर्तुळावर. पुढे एक आणि मागे दुसरं अशी चाकं ठेवली तर स्टेपनी कुणाची ठेवायची? मी दोन्ही प्रकारच्या बोल्टांना भोकं असलेली पोलादी चाकं घेतली आणि वर जुन्या हबकॅप बसवल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललंय हे कळत नाही.

इंजिन, रेडिएटर, पत्रा सगळं परत चढल्यावर गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली आणि तेव्हाच आर्मच्या रबर बुशांचे बोल्ट आवळले. चाकं लटकत असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडी उगाच उंच उभी राहते. फ्लॅटहेड जड इंजिन आहे. किटबरोबर आलेली स्प्रिंग त्याच्यासाठी थोडी मऊ पडली, खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर कललेला दिसत होता. कॉइल कापण्याचा सल्ला इथे कामाचा नव्हता, उलट एक दर्जा कडक स्प्रिंग मागवून घातली.

अलाइनमेंटला कॅस्टर ३ अंश, कॅम्बर शून्य, टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळवणं) १/१६ इंच ठेवला. तीन अंश मिळवताना वरचे बोल्ट खाचेच्या मध्यापासून थोडेच सरकले, तेव्हा काकांकडे बघितल्याशिवाय राहवलं नाही. ते म्हणाले, “ठीक आहे, दिसला तिरका.”

रस्त्यावरचा पहिला फरक ब्रेकमध्ये जाणवला, स्टिअरिंगमध्ये नाही. पेडल दाबलं की गाडी सरळ रेषेत थांबते, पूर्वीसारखी एका बाजूला ओढत नाही. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर थोडा थोडा फिरवून मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होणार नाहीत असा लावला. स्टिअरिंगचा फरक खराब रस्त्यावर कळला: एक चाक खड्ड्यातून जातं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. उभ्या गाडीत मात्र व्हील जड लागतं, कारण रॅक साधा आहे आणि जुन्या बॉक्सइतका हात फिरवायला तो देत नाही. वळायलाही जागा जास्त लागते. अरुंद ठिकाणी एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे यावं लागतं, जे पूर्वी लागत नसे. याची तयारी ठेवावी.

जुना ॲक्सल, पाटा, विशबोन, स्टिअरिंग बॉक्स, अगदी कापलेला क्रॉसमेंबरसुद्धा मी ठेवला होता. ॲक्सल आणि विशबोन मूळ स्थितीत गाडी उभी करणाऱ्या एकाला दिले. आता तेल बदलताना दर वेळी टॉवरच्या बुडाशी आणि बॉक्सिंग प्लेटच्या कडांना तारेचा ब्रश मारून बारीक भेगा शोधतो. रंग मुद्दाम फिका दिला आहे, भेग पडली तर गंजाची रेषा लगेच दिसावी म्हणून. अजून एकही दिसलेली नाही. मागचा आडवा पाटा मात्र आता वळणात स्वतःची हजेरी लावतो, आणि त्याचं काय करायचं हे ठरवण्याआधी मला मागच्या बाजूची मापं घ्यायची आहेत.